टाकीकडची जागा

माझ्या लेकीमुळे, दर्शनामुळे, नम्रताचा हात मोडला असं आख्खी चाळ म्हणत होती, आणि म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी नव्हतं पाहिलं. श्रावण लागायच्या आधीचा रविवार होता, मी आत सुकट निवडत बसले होते. किंकाळी ऐकून गॅलरीत आले तेव्हा थर कोसळला होता आणि पटांगणात नुसता गलका चालला होता.

लालबागच्या आमच्या चाळीत बायकांचं गोविंदा पथक आहे. माझी दर्शना बँकेत नोकरी करते, खालच्या मजल्यावरची नम्रता लॅबमध्ये, आणि रविवारी सकाळी दोघी एकसारखे टी-शर्ट घालून सरावाला. पथकात जागा ठरलेल्या असतात. दुसऱ्या थरावर सहा जणी, त्यांच्यावर तिघी. वरच्या प्रत्येकीचा एक पाय खालच्या एकीच्या खांद्यावर, दुसरा तिच्या शेजारणीच्या. म्हणजे खालच्या प्रत्येकीला एकाच खांद्यावर भार. दर्शनाची जागा पाण्याच्या टाकीकडची, तिचा उजवा खांदा. शेजारी प्रिती, तिचा डावा. आणि दोघींवर नम्रता. तीन वर्षं हेच. शिकवणारा जयवंत तर नावानेही हाक मारत नाही, खालून ओरडतो, "टाकीकडची, गुडघा सरळ."

त्या दिवशी टाकीकडच्या मुलीचा गुडघा वाकला आणि नम्रता खाली आली. आता थरात माना खाली, हात एकमेकींच्या गळ्यात, टी-शर्ट सगळ्यांचे सारखे. गॅलरीतून दिसतात फक्त पाठी. पण समोरच्या सुभद्राकाकी छातीवर हात ठेवून सांगत होत्या, "दर्शनाच हलली. मी बघत होते ना." नम्रताची आई कौसल्या तर नळावर मला बघितलं की भांडं अर्धं भरलं तरी निघून जायची. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं मला.

दर्शना पहिल्या दिवशी ठाम होती. "आई, मी हलले नाही गं." मी म्हटलं, मग बस झालं, लोकांना काय, तोंड आहे म्हणून चालवतात. पण लोक बोलायचे थांबले नाहीत. हिने नम्रताला फोन केला तर तीही म्हणाली, "मी खाली बघितलं तेव्हा तूच होतीस." जयवंतने सभ्यपणे सांगितलं की या वर्षी आराम कर.

मग मी ज्याला भ्याले ते वेगळंच होतं. आधी दर्शना म्हणायला लागली, "वाकला असेल गं गुडघा." चार दिवसांनी ते "वाकला" झालं. मग जेवता जेवता म्हणाली, "कट्ट करून आवाज आला होता, आत्ता आठवलं." मी हातातला घास खाली ठेवला. रोज त्यात नवीन काहीतरी यायचं. पोरगी जेवेना, कोणाशी बोलेना. नम्रता आणि ही बालवाडीपासूनच्या, एकमेकींच्या घरात वाढलेल्या, आणि आता ही नम्रताच्या दारावरून जाताना चप्पल हातात घ्यायची, आवाज होऊ नये म्हणून. माझा जीव तुटायचा.

गोकुळाष्टमी जवळ आली आणि जयवंतने निरोप पाठवला, दर्शनाचा टी-शर्ट द्या, नवीन मुलीला लागेल. माझं डोकंच फिरलं. हात मोडला नम्रताचा, मान्य, पण कपडेसुद्धा काढून घ्यायचे? तरी म्हटलं, धुऊन द्यावा, उगाच नावं नको. कॉटखालून तिची पिशवी ओढली. त्या रविवारपासून तशीच पडलेली, वास मारत होती.

टी-शर्ट झटकला आणि हात थांबला. पाण्याच्या लाइनसाठी आमचं पटांगण खणलंय, सगळा लाल चिखल. सरावानंतर दर्शनाच्या उजव्या खांद्यावर नम्रताच्या पायाचा तो असतोच, दर आठवड्याला ब्रशने मीच घासते. या टी-शर्टवर चिखल डाव्या खांद्यावर होता. उजव्यावर फक्त पिवळा डाग. हळदीचा.

तेव्हा मला आठवलं. तिच्या उजव्या खांद्यावर गळू झालं होतं. त्या सकाळी हळदीचं पोटीस मीच बांधलं होतं आणि म्हटलं होतं, आज या खांद्यावर कोणाला चढवू नको. मीच बांधलं आणि मीच विसरले. सुभद्राकाकींना कशाला नावं ठेवू?

दर्शना आल्यावर टी-शर्ट समोर धरला. "प्रितीशी जागा बदललीस ना त्या दिवशी?"

"बदलली होती. सुरुवातीला. पण नंतर परत आपापल्या जागी आलो ना?"

"आलात तर उजव्या खांद्यावर चिखल कुठाय?"

"मला आठवतंय, आई. माझाच गुडघा वाकला."

समोर पुरावा धरलाय आणि पोरगी म्हणते मला आठवतंय. मी टी-शर्ट घेऊन तडक खाली गेले. जयवंतने तो दोनदा उलटापालटा केला आणि प्रितीला बोलावलं. प्रिती दोन्ही खांदे चाचपत आठवायला लागली. "पडलो तेव्हा मी माझ्याच जागेवर होते, दादा. शप्पथ." खोटं बोलत नव्हती ती. माणूस खोटं बोलताना एवढं शोधत नाही. वरून सुभद्राकाकी म्हणाल्या, "तरी मला वाटलंच होतं, प्रितीच असणार. तिची वेणी दिसली होती मला."

"काकी, पुरे," मी म्हटलं. "महिनाभर माझ्या पोरीला खाल्लंत, आता हिचा नंबर लावू नका. गुडघा कोणाचाही वाकतो. परत तिचं नाव घेतलंत तर माझ्याशी गाठ आहे."

जयवंतने माफी मागितली, दर्शनाला सरावाला ये म्हणाला. दर्शना नाही म्हणाली. "माझ्यावर कोणी चढू नका. मी पाडते." एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नम्रता वर आली, प्लास्टरचा हात गळ्यात. आत न येता आमच्या गॅलरीत उभी राहिली आणि दर्शनाला म्हणाली, "बस खाली. थर उठवताना बसतो तशी."

"नम्रता, वेडी आहेस का? हात बघ तुझा."

"एक हात आहे की. कठडा धरते." मग माझ्याकडे वळली, "शैलाकाकी, दुसरा पाय ठेवायला कोणीतरी लागेल."

मी पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघ्यांचं सांगायलाच नको. पण पदर खोचला आणि दर्शनाच्या शेजारी उकिडवी बसले, भिंतीला तोंड करून, प्रितीच्या जागेवर. दर्शनाने माझ्या गळ्यात हात टाकला. नम्रताने चपला काढल्या, कठडा घट्ट धरला आणि एक पाय माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा तिच्या. भार आला तशी मी देवाचं नाव घेतलं.

थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग माझा डावा गुडघा गेला. जरासाच, पण गेला. नम्रता वरून "अगं अगं" म्हणत कठड्याला चिकटली आणि खाली उतरली.

मी तोंड उघडायच्या आत दर्शना म्हणाली, "सॉरी, सॉरी. मी हलले."

"तू नाही, काकी हलल्या," नम्रता म्हणाली. "माझ्या पायाला कळतं ना."

"माझाच गुडघा गेला, बाय," मी म्हटलं.

दर्शना आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "पण मला आत्ता जाणवलं. खरंच वाकल्यासारखं जाणवलं."

"त्या दिवशी वर होते ना, तर मलाही तुझं तोंड दिसलं होतं," नम्रता म्हणाली. "वरून फक्त केस दिसतात गं. मी कसं काय तुझं तोंड बघितलं?"

दर्शना तिथेच, फरशीवर, महिनाभरात पहिल्यांदा रडली. नम्रता चांगला हात तिच्या पाठीवर ठेवून शेजारी बसली. मी कठडा धरून कशीबशी उठले आणि कौसल्याला खाली हाक मारून सांगितलं, पोरगी इथेच जेवेल.