रंगाला चिकटलेले ठिगळ

मित्रांनो, मी एक विमान आहे. विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आले, ते मी नव्हे. मी घरी बनवलेले, दोनच माणसांचे, हलकेफुलके विमान. माझी हाडे नळ्यांची आणि कातडी कापडाची. वारा सुटला की मलाच दोरीने बांधून ठेवावे लागते, आता बोला!

मला एका गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने आणि त्याच्या थोरल्या बहिणीने बनवले. नळ्या जोडल्या त्याने. ताई शिवणकाम करायची. तिने पंखांवर कापड गोंदाने चिकटवले आणि इस्त्री फिरवून ताणून बसवले. हे कापड गरम इस्त्रीने आकसते. इस्त्री कमी तापली तर ते सैल राहते, जास्त तापली तर जळते. ताई इस्त्री गालाजवळ नेऊन अंदाज घ्यायची. मग पंखावर टिचकी मारायची. आवाज टणटणीत आला तरच पुढे सरकायची.

पहिल्या उड्डाणाला मैदानावर बरीच माणसे जमली होती. कोणीतरी विचारले, "कुणी बनवलं हो हे?"

"मी. एकट्यानं!" मिस्त्री छाती फुगवून म्हणाला.

ताई माझ्या शेपटीशीच उभी होती. तिच्या बोटांवरचा गोंदसुद्धा अजून निघाला नव्हता. ती तशीच वळली आणि घरी गेली, ती मला ठेवायच्या शेडमध्ये पुन्हा आलीच नाही.

पुढची तीन वर्षे मी फार एकटा होतो. मिस्त्री मला पुसायचा, उडवायचा, पण शेजारची खुर्ची रिकामी असायची. वर गेल्यावर तो सारखा त्या खुर्चीकडे बघायचा. त्यालाही करमत नव्हते, हे मला कळायचे.

गेल्या आठवड्यात शेडमधली शिडी घसरली आणि माझा डावा पंख वीतभर फाटला. ताईचे घर दोन गल्ल्यांवर. पण मिस्त्री स्वतःच ठिगळ लावायला बसला. धागे निघू नयेत म्हणून त्याने कडा ताईसारख्याच नागमोडी कापल्या. गोंद लावला, इस्त्री फिरवली. ठिगळ दिसायला असे झकास, की बघत राहावे! पण खालचा जुना रंग त्याने खरवडलाच नव्हता. ठिगळाने धरले होते ते रंगाला, कापडाला नाही. वरच्या वाऱ्यात रंगाचा पापुद्रा सुटला असता, त्याबरोबर ठिगळ गेले असते आणि पंख टराटरा फाटत गेला असता. आणि मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होता!

ज्याने मला जन्म दिला, त्यालाच मी खाली पाडणार होतो.

पण त्याची फुशारकीच कामी आली. त्याने ठिगळाचा फोटो काढून ताईला पाठवला. खाली लिहिले, "बघ, जमलं की मला!"

सकाळी तो मला बाहेर ढकलत असतानाच ताई धापा टाकत आली. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"थांब! खालचा रंग खरवडलास?"

"कशाला? घट्ट बसलंय की."

ताईने नखाने कड उचलली आणि अख्खे ठिगळ केळीच्या सालीसारखे सोलून काढले. त्याच्या पाठीला माझा पिवळा रंग चिकटून आला होता.

"वर गेल्यावर सुटलं असतं तर?" ती ठिगळ त्याच्यापुढे धरून म्हणाली. "मला विचारलं असतंस तर काय कमीपणा आला असता रे?"

मिस्त्रीने मला परत आत ढकलले आणि इस्त्री लावली.

ताईने फाटल्या जागेभोवतीचा रंग चार बोटे खरवडला, कापड उघडे केले आणि नवे ठिगळ लावले. मिस्त्री इस्त्रीची वायर धरून जवळच उभा होता. 'माफ कर' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. तो म्हणाला, "चहा घेतेस?"

"नको. दोन दिवस वाळू दे. तोवर उडू नकोस." आणि ती गेली.

आज सहावा दिवस. गोंद कधीच वाळला. हवा छान आहे, टाकी भरलेली आहे. मिस्त्री रोज शेडचे दार उघडतो, स्टुलावर बसतो आणि रस्त्याकडे बघत राहतो. उडत नाही आणि दोन गल्ल्या चालूनही जात नाही.

मित्रांनो, फाटलेले वेळीच सांधा आणि सांधण्याआधी वरचा रंग खरवडा, एवढेच मी सांगणार होतो. पण या माणसाकडे बघून राहवत नाही. मी रोज ओरडतो, "अरे, जा, माफी माग तिची!" माझे त्याला ऐकू जात नाही. तुमचे तर तुमच्या माणसाला ऐकू जाते ना? मग आजच बोला.