रक्ताळलेला तांदूळ

"झाला! लाल झाला!" पहिल्या रांगेतली बाई किंचाळली आणि बंद पडलेल्या त्या सिनेमागृहातली सगळी गर्दी खुर्च्यांवर चढली. मीही चढले. बुटक्या माणसानं दुसरं काय करायचं?

मंचावर चमत्कारवाल्या बाबांनी काचेच्या बरणीवरचं काळं फडकं ओढून काढलं होतं. गेल्या बैठकीला सगळ्यांच्या देखत त्याच बरणीत पांढराशुभ्र वाफवलेला तांदूळ भरला होता. वर बाबांनी चिमूटभर भुकटी टाकली आणि बरणी कपाटात बंद केली होती. आता आतला दाणा न् दाणा रक्तासारखा लाल झाला होता.

"हे माझं रक्त!" बाबा गरजले. "तुमची दुखणी मी अंगावर घेतो, ती इथं उतरतात. छातीत कळ येते?"

"एक चमचा!" सभागृह ओरडलं.

"रक्तात चरबी साठलीय?"

"एक चमचा!"

"सून ऐकत नाही?"

"एक चमचा!"

तो सुनेनं घ्यायचा की सासूनं, हे काही कोणी विचारलं नाही.

माझी आई पुढच्या रांगेत हात जोडून बसली होती. तिला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालूच होत्या आणि त्यावर हा लाल तांदूळ वाळवून, कुटून, रोज एक चमचा. तोही डॉक्टरीणबाईंपासून चोरून. माझ्याशी तर तिचं रोज वाजायचं.

"रिपोर्ट बघ की गं! चरबी केवढी उतरलीय. तुझ्या रसायनशास्त्रानं उतरवली का?"

पंचाईत अशी की रिपोर्ट खरा होता. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, समोरचा आकडा खोटा म्हणायला माझी जीभ रेटेना. पण तिच्या पोटऱ्या अशा ठणकायच्या की जिना ती बसत बसत चढायची. "पाप पायांवाटे उतरतं," असं बाबा म्हणाले होते. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "मूत्रपिंडावर ताण आलाय. आजी, आणखी काही खाताय का?" आईनं त्यांच्या तोंडावर सांगितलं, "छे, काही नाही." मी तोंड उघडणार तोच तिनं टेबलाखालून मला असा चिमटा काढला की मी गप्प बसले. बाहेर पडल्यावर आमचं भांडण झालं ते वेगळंच.

"अगं, दादा मानतो बाबांना!" हा तिचा हुकमी एक्का. "शिकलेला आहे तो. उगाच मानेल?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. खाण्याचे रंग करणाऱ्या कारखान्यात कामाला. आईला बाबांकडे त्यानंच नेलं होतं.

तर त्या दिवशी बाबांनी पुढच्या बैठकीची, अजून अर्धवट पांढरी असलेली बरणी हातात घेतली. तळहातानं बुडावर दोन ठोके दिले, बरणी आडवी करून गरकन फिरवली, पुन्हा दोन ठोके. "आशीर्वाद! आशीर्वाद!" लोक ओरडले.

मी मात्र त्या हातांकडे बघत राहिले. हे ठोके मी लहानपणापासून नाही, पण दादा कारखान्यात लागल्यापासून बघत आले होते. साखरेचा डबा असो की मिठाची बरणी, हातात आली की दोन ठोके, एक गरका, दोन ठोके. "दादा, साखर झोपलीय का रे?" म्हणून आम्ही हसायचो. तोच एकदा म्हणाला होता, "सवय गं. आमच्याकडे तांदळावर लाल बुरशी वाढवतात, त्यातून रंग निघतो. तिनं दाण्यांचा गोळा होतो, मग आत हवा जात नाही आणि मधला तांदूळ पांढराच राहतो. म्हणून ठोकून ठोकून मोकळा करायचा."

बाबांना ही सवय कुठून लागली?

बाबा बरणीत टाकायचे त्याच भुकटीची, 'प्रसाद' म्हणून वाटलेली पुडी मी घरी जाऊन सोडली. दोन बरण्यांत तांदूळ घेतला. एकीत भुकटी आधीच कालवून दोन्ही बरण्या कुकरमध्ये चांगल्या शिजवल्या. दुसरीत निवल्यावर भुकटी घातली. दोन्ही झाकून ठेवल्या, रोज ठोके दिले. निवल्यावर घातलेली बरणी लालभडक झाली. भुकटीसकट शिट्ट्या खाल्लेली होती तशीच राहिली, पांढरीफटक.

पुढच्या बैठकीला दोन्ही बरण्या घेऊन मी मंचावर चढले.

"ही तुमच्या भुकटीची, आणि ही पण तुमच्याच भुकटीची," मी बाबांना म्हणाले. "हिच्यात तुमचं रक्त का उतरलं नाही?"

"अश्रद्धेच्या हाताला यश नसतं, बाळ!"

"मग ही दुसरी याच हातानं कशी लाल झाली? बाबा, भुकटीत बुरशी आहे, जिवंत. उकळली की मरते. ती तांदूळ खाते आणि रंग सोडते. कधीकधी रंगाबरोबर चरबी उतरवणारं द्रव्यही तयार करते, चरबीच्या काही गोळ्यांत असतं तेच. माझी आई गोळीही घेते आणि चमचाही. दुप्पट मात्रा! म्हणून तिचे पाय ठणकतात. याच बुरशीच्या काही जाती मूत्रपिंडाला मारणारं विषही सोडतात. ते तपासलं होतं तुम्ही?"

बाबांनी मंचाच्या कडेच्या पडद्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

पडद्याआड दादा उभा होता, नवी बरणी छातीशी धरून.

"मी फक्त बुरशी आणून दिली, ठोकायचं शिकवलं, त्याचे बाबा पैसे द्यायचे," तो पुढं येत पुटपुटला. "आणि आईची चरबी उतरलीच ना?"

"कारखान्यात विषाची तपासणी झाल्याशिवाय एक पोतं बाहेर पडत नाही, हे तूच सांगायचास! इथं कोण तपासत होतं, दादा?"

गर्दीतून कोणीतरी शिवी हासडली. तेवढ्यात आई उठली, खुर्चीच्या दांडीला धरून.

"तू खाल्लास का रे?" तिनं विचारलं.

"आई, घरी चल, मग..."

"एक चमचा तरी? बायकोला दिलास? पोरांना?"

दादानं मान खाली घातली.

"मला मात्र रोज फोन करायचास," आई म्हणाली. "'चमचा घेतलास का, विसरू नकोस.' मला वाटायचं, पोराचा जीव आहे माझ्यावर."

बाबा मागच्या दारानं पळाले. कुठंतरी नवीन बरणी मांडून बसले असतील. आईचे पाय आता बरे आहेत. मूत्रपिंडांचं काय होईल ते अजून डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. दादाचा फोन येतो, वाजत राहतो, आई उचलत नाही. मीही उचलत नाही. सख्ख्या भावानं असं करावं, हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही.

बुरशीवर माझा राग नाही. ती बिचारी तांदूळ खाते आणि रंग सोडते, पोटात काही ठेवत नाही. राग आहे तो हात जोडून डोळे मिटण्यावर. डोळे उघडे ठेवा, एवढंच सांगणं आहे. औषध म्हणून कोणी काही दिलं तर ते डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. बुरशी, रसायन, कुकर यातलं काही कळत नसेल तरी अडत नाही. आई आता जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकीला सांगते तेवढं केलं तरी पुष्कळ झालं: "देणारा कोणीही असो, अगदी पोटचा असला तरी. त्याला म्हणायचं, आधी तू खा."