मला भंगारात काढणारा मानसिंग

मित्रांनो, भाटघर धरणाच्या फुगवट्यावर जी होडी चालते ना, तिची जुनी मोटर मी. वय विचारू नका. बायकांना आणि यंत्रांना वय विचारणारी माणसं मला आवडत नाहीत. माझा निळा रंग उडालाय, पंख्याचं एक पातं वाकडं झालंय, आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो का गेला नाही, तेच सांगते.

कुठल्या कारखान्यात माझं अंग ओतलं, मला ठाऊक नाही. आठवतं ते लाकडी खोकं आणि त्यातला भुसा. भोरच्या स्टँडवर एसटीच्या टपावरून होडीवाल्या सावळारामनं मला उतरवून घेतली आणि होडीच्या मागच्या फळीला आवळून बसवली. तोवर पलीकडच्या वाडीला जायचं तर वल्ही मारता मारता अर्धी सकाळ जायची. मी आले, नि वीस मिनिटांत माणूस पार.

दोन वर्षांत सावळाराम वारला. भावकी म्हणाली, होडी मोडून टाका. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, पदर खोचला नि माझी दोरी ओढली. पहिल्या दिवशी तिचे तळवे सोलले. दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून आली. मग बावीस वर्षं आम्ही दोघीच. भाताची पोती, शेरडं, वरातीचा अख्खा बँड ढोलासकट, काय नाही नेलं? मतपेट्या घेऊन पोलीस आले, तर तिनं त्यांना बूट काढायला लावले. "होडी आत्ताच धुतलीया," म्हणाली. काढले त्यांनी! रोज संध्याकाळी ती मला पुसायची, आणि वर्षातून एकदा भोरातला जलाल मिस्त्री येऊन माझा प्लग साफ करायचा. "साळूआक्का, ही तुमच्यासारखीच हाय. तोंडाळ, पर कामाला खरी," असं म्हणायचा. मी फुगून जायचे.

मग आला मानसिंग. साळूबाईच्या दिराचा लेक. पुण्यात एक नोकरी टिकवता आली नाही, पण गॉगल मात्र टिकवला होता. साळूबाईचा गुडघा सुजला तेव्हा हा गोडीनं म्हणाला, "काकू, तुमी बसा घरात. होडी म्या बघतो." तिनं दोरी त्याच्या हातात दिली. तो मला पुसायचा, पण फक्त फोटो काढायच्या आधी.

खंडेनवमीला त्यानं माझी जंगी पूजा मांडली. झेंडूचा हार, नारळ, अगरबत्त्या. हळद-कुंकू कालवून घट्ट लेप केला नि माझ्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर थापला. हात जोडून फोटो काढला, मोबाईलवर लावला. लेप वाळून दगड झाला. तो पुसणार कोण?

दुसऱ्या दिवसापासून माझा घसा आवळायला लागला. दहा मिनिटं बरी चालायचे, आणि ऐन मधल्या पाण्यात जीव घाबरा होऊन बंद पडायचे. मानसिंग टाकीचं झाकण उघडून बघायचा. पेट्रोल तर काठोकाठ. झाकण लावून दोरी ओढायचा, की मी लगेच चालू. पुढं दहा मिनिटांनी पुन्हा बंद. "नाटकी म्हातारी!" म्हणून त्यानं मला लाथ घातली. लाथ, मित्रांनो! बावीस वर्षांत मला कुणाचा पाय लागला नव्हता. मी मनात गाठ मारून ठेवली.

एकदा राजगड चढून आलेले त्याचे पुण्याचे दोस्त होडीत होते, तेव्हा मी तीनदा थांबले. शेवटच्या वेळी झाकण न उघडताच दोरी ओढून ओढून हात गळाले नि त्याला पांढऱ्या बुटांत वल्ही मारावी लागली. दोस्त हसले. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

काठावर उतरताच तो सगळ्यांसमोर ओरडला, "हे भंगार सोमवारी टेम्पोत घालतो! नवी मोटर आणतो, होडीबी माझ्या नावावर करतो. काकूचं नि हिचं, दोघींचं वय झालंय."

साळूबाई काठावरच उभी होती. तिनं पदर खोचला नि भोरला जलाल मिस्त्रीच्या गॅरेजात निरोप धाडला. तिनं पदर खोचला म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

सोमवारी टेम्पोच्या आधी स्कूटर आली. जलाल मिस्त्रीचे हात आता थरथरतात. गॅरेज त्याची लेक शाहिस्ता चालवते; तीच आली होती. तिनं प्लग बदलला, पेट्रोलची जाळी धुतली, मला चालू केली. मी मस्त घुमले.

"बघितलं? हितं गोड वागती," मानसिंग म्हणाला. "मधी गेली की मरती."

"मग मधीच जाऊ की. बसा, दादा."

साळूबाईही चढली, नि तिघं निघाले. दहाव्या मिनिटाला माझा घसा आवळला नि मी थांबले. मानसिंग खूश. शाहिस्तानं मात्र टाकीतून माझ्याकडं पेट्रोल आणणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा चाचपला. तो चिपाडासारखा चपटा झाला होता. मग तिनं टाकीचं झाकण सैल केलं. *फुस्स!* टाकीनं केवढा तरी श्वास आत ओढला.

"मावशी, हिला हवाच मिळंना! पेट्रोल खाली जाईल तशी वरनं हवा आत यायला लागती. झाकणाला बारीक भोक असतंय ना, ते बुजलंय. टाचणी हाय?"

साळूबाईनं बांगडीतली पिन काढून दिली. शाहिस्तानं टोकरलं. लाल-पिवळी खपली निघाली.

"अगंबाई," ती म्हणाली, "हिचं नाक हळदी-कुंकवानं कुणी बुजवलं?"

मानसिंग पाण्याकडं बघायला लागला.

"फोटो हाय की ह्याच्या मोबाईलवर," साळूबाई म्हणाली. "हात जोडून बसलाय. आदी गळा दाबला, मग पाया पडला."

मी परत येताना एकदासुद्धा थांबले नाही. काठावर भंगारवाला टेम्पो लावून उभा होता, भोवती निम्मी वाडी जमलेली.

"काय भरायचं, मावशी?"

साळूबाईनं मानसिंगला दंडाला धरून पुढं केला. "ह्याला घाल काट्यावर. कामाचा न्हाई, पर वजन भरंल."

मानसिंगचे कान गॉगलच्या काड्यांखाली लाल झाले. टेम्पो रिकामा गेला. दोरी साळूबाईच्या हातात परत आली.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण पूजा झाली की फडकं घेऊन पुसाही. आमच्या अंगावरचं प्रत्येक बारीक भोक कशासाठी आहे, ते विचारून घ्या. आणि आम्ही अडलो, तर लाथ उचलण्याआधी आपण काय केलं ते आठवा. आम्हांला बोलता येत नाही, पण आम्ही विसरत नाही.

साळूबाईनं मानसिंगला कामावरून काढलं नाही. त्यापेक्षा वाईट केलं. रोज सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्यानं माझ्या झाकणाच्या भोकावर फुंकर मारायची, मगच लोक होडीत चढणार. शाळेतली पोरंसुद्धा विचारतात, "फुंकलं का, मानसिंगदादा?"

"व्हय," तो म्हणतो.

"ऐकू न्हाई आलं," मागून साळूबाई म्हणते.

तो पुन्हा मोठ्यानं म्हणतो. आठ महिने झाले रोज ऐकतेय. माझं अजून पोट भरलेलं नाही.