तारखांच्या चाळणीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पिठाची नव्हे, तारखांची. मला हातात धरता येत नाही, कारण मी संगणकातल्या अडीचशे ओळींची बनलेली आहे. एकेक ओळ वाचून संगणकाला कामाला लावणारी एक सोपी भाषा असते, तिच्यात मला लिहिलं आहे. माझ्यासारखी हजारो छोटी अवजारं प्रोग्रामर मंडळी एकमेकांसाठी लिहून उघड्यावर ठेवतात. ज्याला हवं त्याने न्यावं, मोडलं तर दुरुस्त करून परत ठेवावं. नेणारे पुष्कळ. परत ठेवणारे बोटांवर मोजण्याइतके. उरलेल्यांविषयी माझं मत वाईट आहे, आणि या वयात ते लपवायची मला गरज वाटत नाही.

मला घडवलं एका वाचनालयातल्या कारकून बाईंनी. त्यांच्या आधीच्या तीन कारकुनांनी सभासदांच्या तारखा तीन तऱ्हांनी लिहून ठेवल्या होत्या. एक दिवस आधी लिहायचा, दुसरा महिना आधी लिहायचा, आणि तिसऱ्याला त्या त्या दिवशी जे सुचेल ते. सगळ्या तारखा एकाच साच्यात बसवायला बाईंनी जेवणाच्या सुट्टीत बसून मला लिहिलं. त्यांचे मामा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म घालवलेले. त्यांनी माझी परीक्षा घेतली. लीप वर्ष नसताना मी एकोणतीस फेब्रुवारी मुकाट्याने गिळली, तेव्हा ते भाचीला म्हणाले, "पोरी, तुझी चाळणी खडेसुद्धा पीठ म्हणून देते." तो दोष बाईंनी त्याच दिवशी काढला.

पण चार-सातसारखी तारीख आली, की ती चार जुलै की सात एप्रिल, हे कोणालाच सांगता येत नाही. तिथे मामांनी निक्षून सांगितलं, "कळत नसेल तर तिला थांबून विचारू दे. अंदाजाने छापलेली चूक हजार प्रती होऊन फिरते." म्हणून बाईंनी आणखी अकरा ओळी लिहिल्या. शंका आली की मी थांबते आणि विचारते: यातला दिवस कोणता? माझ्यात काही शहाणपण असेल, तर ते तेवढंच.

सुरुवातीचे लोक भले होते. हवामानाच्या जुन्या नोंदी लावणाऱ्या एका शिक्षिकेने माझी एक चूक दाखवली. बस डेपोतल्या एका मिस्त्रीने दोन ओळी सुधारून पाठवल्या आणि खाली लिहिलं, राग मानू नका. मग माझं नाव पसरलं आणि शिष्टांची रांग लागली. सूचना वाचायच्या नाहीत, उलटं चालवायचं आणि बाईंना दम भरायचा. फुकटात नेलेल्या वस्तूबद्दल जितक्या तोऱ्याने माणूस बोलतो, तितका तो विकत घेतलेल्या वस्तूबद्दलही बोलत नाही.

या सगळ्यांचा शिरोमणी म्हणजे एक सल्लागार. त्याच्या हाताखालचे लोक त्याला पाठीमागे 'झटपट' म्हणायचे. त्याने मला एका दवाखान्याच्या यंत्रणेत बसवलं. कुत्रा चावलेल्या लोकांना पुढच्या इंजेक्शनची आठवण फोनवर पाठवायची, हे ते काम. रोज सकाळी मी पाच-सहा तारखांवर थांबायची आणि विचारायची. झटपटने बाईंना लिहिलं, की तुमचं अवजार फार तोंड चालवतं, दुपारपर्यंत ते बंद करा. बाईंनी नम्रपणे कळवलं, की विचारणं हेच तिचं काम आहे, उत्तर दवाखान्यातल्या माणसाला देऊ द्या. त्यावर या विद्वानाने माझ्या अकरा ओळी स्वतःच छाटल्या आणि शंका आली तर महिना आधी धरावा, असं ठोकून दिलं. वर बाईंचं नाव मात्र तसंच ठेवलं. काम आपण बिघडवायचं आणि नाव दुसऱ्याचं राहू द्यायचं, एवढी अक्कल त्याला बरोबर होती.

मग एका पोस्टमनला टपाल वाटताना कुत्रा चावला. पहिलं इंजेक्शन सत्तावीस जूनला झालं, दुसरं तीसला. तिसरं चार जुलैला होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी चार-सात लिहिलं, आणि तोंड बांधलेल्या मी त्याचं सात एप्रिल केलं. ती तारीख केव्हाच उलटलेली, म्हणून यंत्रणेने त्याचं नाव यादीतून काढून टाकलं. फोन येईल तेव्हा या, असं त्याला सांगितलेलं होतं. तो बिचारा फोनची वाट बघत टपाल वाटत राहिला.

पाच तारखेला सकाळी नर्सबाईंनी फ्रिज उघडला, तर कालच्या हिशेबातली इंजेक्शनची एक कुपी उरलेली. त्यांनी आधी वही काढली, नाव शोधलं आणि पोस्टमनच्या गल्लीत जाऊन त्याला हाताला धरून आणलं. इंजेक्शन एक दिवस उशिरा झालं, पण झालं. तो आजही सायकलवर आहे.

झटपटने काय केलं? उघड्यावरचं फुकटचं अवजार सदोष निघालं, असं त्याने सगळ्यांना दिसेल अशा जागी बाईंचं नाव घेऊन लिहिलं. चार दिवस लोकांनी बाईंना वाटेल ते ऐकवलं. त्यातल्या एकानेही मला उघडून पाहिलं नव्हतं. मला कायमची काढून टाकायची, असं त्यांनी मामांना सांगितलं.

नर्सबाईंना मात्र एक गोष्ट खटकत होती. पहिले काही आठवडे हे यंत्र रोज विचारायचं, मग एकाएकी गप्प कसं झालं? त्यांनी दवाखान्यातली माझी प्रत मागून घेतली आणि बाईंना पाठवली. मामांनी दोन्ही प्रती कागदावर छापून घेतल्या आणि मुद्रितं तपासावीत तसं पट्टी लावून एकेक ओळ वाचली. एकशे बारा ओळींनंतर पट्टी थांबली. "इथले अकरा दात पाडलेत," ते म्हणाले.

बाईंनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून जगजाहीर केल्या. वर एक शब्दही लिहिला नाही. शिव्या घालणारे एका दुपारीत गायब झाले. माफी मागितली फक्त दोघांनी. झटपटने मागितली नाही. त्याला त्या वर्षी बढती मिळाली, आणि आता तो कुठल्यातरी दुसऱ्या अवजाराचे दात पाडत असेल.

दवाखान्यातल्या माझ्या ओळी नर्सबाईंनी हट्टाने परत बसवून घेतल्या. हल्ली मी थांबले, की त्या चष्मा वर करतात, वही उघडतात आणि उत्तर देतात. त्यांनी मला कधी गप्प बस म्हटलेलं नाही.

मित्रांनो, मला खुशाल फुकट न्या, आभारही मानू नका. पण नेण्याआधी मला एकदा वाचा. अडीचशेच ओळी आहेत. तुम्ही तक्रार लिहिता, त्याहून कमी वेळ लागतो.