बुधवारचे बांगडे

दुर्वाच्या शाळेची फी जूनपर्यंत साठवायची म्हणून मी घरखर्चाचा तक्ता करून फ्रिजवर लावला होता. दर बुधवारी शेजारची शेवंतीकाकी नवऱ्याच्या जाळ्यातले चार बांगडे आणून द्यायची. सलग आठ आठवडे तिने एकही बुधवार चुकवला नाही, म्हणून मी बुधवारच्या मासळीपुढे शून्य लिहिलं. अंदाज बांधायला आठ नोंदी मला पुरेशा वाटल्या.

परवा बुधवारी दुर्वाला घेऊन मालवणच्या बाजारात गेले, तर काकी मासळीवालीशी बांगड्यांच्या वाट्यावरून घासाघीस करत होती.

"काकी, घरची होडी आसताना इकत घेतस?" मी हसत विचारलं.

"इंजिन बंद आसा गो, म्हयनो झालो," ती म्हणाली आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

म्हणजे गेल्या चार बुधवारचे बांगडे तिने विकत आणले होते. ते कुठून येतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"आई, आज बुधवार," दुर्वा म्हणाली. "आजचे मासे काकी देणार. तक्त्यात लिहिलंयस ना?"

मासळीवाली हसली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी घाईघाईने पाकीट उघडलं.

"ठेव ते. चेडवाच्या फीचे मां?" काकी हळू आवाजात म्हणाली. "तुझो तक्तो दुर्वान माका केवाच वाचून दाखवल्यान."

तिने चार बांगडे उचलले. मान वर न करता मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.