आत्याची रिकामी जागा

मित्रांनो, हिंदी मुलखातल्या महाराजपूरच्या या घरात माळ्यावर रद्दीखाली दबलेला लाकडी पाळणा दिसतो ना, तो मी. रिछाईच्या कारखान्यात खोकी ठोकणाऱ्या मोतीरामने उरलेल्या फळ्यांतून मला घडवले. त्याची दोन्ही मुले, रामकृष्ण आणि पुष्पा, माझ्यातच झोपून वाढली.

पुढे रामकृष्णच्या बायकोचे, प्रतिमाचे, गर्भाशय काढावे लागले. तेव्हा मदन महल वस्तीत सासरी नांदणारी, दोन लेकरांची आई पुष्पा म्हणाली, "वहिनी, तुमचं लेकरू मी वाढवतो न पोटात."

याला सरोगसी म्हणतात. एका प्रकारात वाढवणाऱ्या बाईचेच बीज असते, म्हणून मूल रक्ताने तिचेही असते. दुसऱ्यात बीज आईबापांचे, ती फक्त कूस देते. कोणी मोबदला घेऊन देते, कोणी मायेने. पुष्पाने दिली ती नुसती कूस, आणि मायेने.

डॉक्टरांनी हे सारे हिंदीत समजावले होते. मोतीरामची बायको शेवंता "अच्छा, अच्छा" म्हणत राहिली. कळले नव्हते, पण पुन्हा विचारायची तिला लाज वाटली. जिच्या पोटात वाढले तिचेच मूल, एवढेच तिने धरून ठेवले.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी मला धुऊनपुसून टांगले. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ओली बाळंतीण पुष्पा हाती शिवलेले झबले घेऊन आली. शेवंताने तिला दारातच अडवले.

"तू घरी जाय, पुष्पा. जवळ घेतली तं सोडवणार नाही तुले."

"आई, मी आत्या होय तिची."

"आत्याले दूध येते का?"

पुष्पाने पदर छातीवर ओढून घेतला. प्रतिमाला सारे ठाऊक होते. तरी ती मान खाली घालून माझी दोरी ओढत राहिली. शेजारीण बेबी आत्याच्या जागी वाकली आणि बाळाच्या कानात 'जया' म्हणाली. बायकांनी हसत तिच्या पाठीत बुक्क्या मारल्या. झबले उंबऱ्यावरच राहिले.

त्यानंतर पुष्पा माहेरी आली ती चौदा वर्षांनी, शेवंता गेल्यावर तिच्या तेरवीला. मोठी पातेली काढायला माळ्यावर चढली आणि मी दिसलो. तिने रद्दी बाजूला सारली, माझ्यात वाकली आणि हळूच म्हणाली, "जया."

खालून त्याच मुलीने, जयाने, विचारले, "मम्मी, ऊपर कौन है?"

प्रतिमाने एकदा वर माळ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "कोणी नाही बेटा, एक पाहुणी आहे."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. न समजलेली गोष्ट पुन्हा विचारायला लाजू नका. आणि त्या मुलीला कोणीतरी सांगा, वर तिची आत्या आहे.