गुडघ्याखाली चार बोटं

जपानातल्या तोयामाच्या फिरत्या औषधविक्यांना घरून निरोप मिळतो तो डाग देऊन. गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, योमोगी नावाच्या रानझुडपाच्या वाळक्या पाल्याचा चिमूटभर कापूस ठेवायचा आणि उदबत्तीनं पेटवायचा. मग म्हणे कितीही चाला, पाय थकत नाहीत. सगळ्या गावाला आपल्या माणसांचे पाय न थकलेले हवे असतात. नुईला मात्र आपल्या नवऱ्याचे, कांजिरोचे पाय वेशीपाशीच दुखून यायला हवे होते.

तो तिच्या वाट्याला यायचा तो भातलावणीपुरता. एरवी तो पाठीवर पेटारा घेऊन परक्यांच्या घरी पोटदुखीच्या गोळ्या पोचवत हिंडायचा, आणि इकडे ती सवयीनं दोघांचा भात शिजवून उरलेला सकाळी शिळा खायची. गेल्या वर्षी तिला राहवलं नाही. तिनं कापूस मुद्दाम एक बोट खाली ठेवला. पाय दुखले की लवकर परततील, एवढाच तिचा भाबडा हिशेब होता.

कांजिरो परतला तो नेहमीच्याच वेळी. पायरीवर त्याचे पाय धुताना तिनं पाहिलं, तर तिच्या डागाच्या वर, अगदी नेमक्या जागी, दुसरा डाग होता. दोन्ही पायांवर. त्यानं विषय काढला नाही, आणि लावणीचे सगळे दिवस तिनं मान खाली घालून काढले.

आता पुन्हा निघायची वेळ आली. नुईनं बोटं दोनदा मोजून कापूस नेमका ठेवला.

"एवढं मोजूनमापून? यंदा मला घालवायची घाई झालेली दिसतेय!"

नुईचा हात थबकला. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"अगं, बापाला डाग देताना आईला बघतच मोठा झालो मी. पहिल्या मुक्कामालाच माझा मी लावून घेतला."

"मग तेव्हाच बोलायचं होतं, चार शिव्या घालायच्या होत्या!"

"लावतानाच बोललो असतो तर तू हा खालचा लावला नसतास." कांजिरोनं खालच्या डागावर बोट ठेवलं. "संध्याकाळी पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या सोडल्या की हात इथेच जायचा. तोही लाव."

नुईनं कापूस तिथे ठेवला, पण उदबत्ती काही केल्या नीट टेकेना. डोळे भरून आले होते.

"अहो, राहा ना यंदा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

अखेर कापूस पेटला; तो जळून विझेपर्यंत कांजिरो पेटाऱ्याचे पट्टे आवळत राहिला. मग त्यानं दुसरा पाय पुढे केला.